झिजलेल्याला हमी नाही

दाजी,

तुमची पेटी माझ्यासमोर आहे. ताईने ती गॅरेजमधून हातगाडीवर घालून घरी आणवली आणि पुढच्या खोलीत, तुम्ही बसायचात त्या खाटेखाली सरकवून ठेवली. दहावं झालं, तेरावं झालं, घोटीची मंडळी परत गेली. काल ती म्हणाली, "मधू, तेवढी पेटी तूच उघड. इब्राहिमभाईंना द्यायचीत हत्यारं, गॅरेज आता तेच बघणार. माझा हात होत नाही." मी हो म्हणालो, चहा प्यायलो आणि पेटीला हात न लावता घरी गेलो. आज परत आलोय. ताई आत तांदूळ निवडतेय. पेटीला कुलूप नाही. कोयंड्यात नुसता एक वाकडा खिळा अडकवलाय. तेवढा खिळा काढायला मला जमत नाही.

तुमची हत्यारं बघून रडू येईल म्हणून नाही. रडून झालंय. मला त्या पेटीत एकच गोष्ट बघायची आहे आणि तिचीच भीती वाटते. एकोणीस-बाविसाचा पाना. मी तुम्हाला आणून दिलेला. तो तुम्ही कधी वापरलात का, की मी दिला तसाच तेलकट कागदात गुंडाळलेला तळाशी पडून आहे, एवढंच मला बघायचंय. तुम्ही होतात तोवर विचारायचं धाडस झालं नाही.

तेराव्याला सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. कुणीतरी म्हणालं, किती शांत माणूस होता. मी पानातल्या जिलबीकडे बघत राहिलो. तुम्ही शांत? द्वारका चौकात ट्रकचा हॉर्न मोठा की तुमचा आवाज, यावर ड्रायव्हर लोक चहाची पैज लावायचे. ताईने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. ती रडतेय असं सगळ्यांना वाटलं. ती हसत होती. नंतर रडली.

आता जे सांगतोय ते तुम्हाला सगळं माहीत आहे. तरी सांगतो, कारण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत.

मला दुकानात तुम्ही लावलंत. मॅट्रिक होऊन मी वर्षभर घरी बसलो होतो. तुम्ही मला द्वारकेच्या हत्यारांच्या दुकानात नेलंत आणि शेठला म्हणालात, "माझा मेव्हणा हाय. हिशेबात कच्चा असंल, पण पोरगं खोटं बोलत नाय." शेठ हसले. त्या एका वाक्यावर त्यांनी मला हमीच्या काउंटरला उभं केलं. तिथे खोटं न बोलणाराच माणूस लागतो, असं त्यांना वाटलं असावं. मी आजही त्याच काउंटरला उभा आहे. शेठ गेले, आता त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसतो.

काम साधं होतं. आपल्याकडे ज्या कंपनीचे पाने यायचे तिचा पत्रा भिंतीवर ठोकलेला होता. वर मोठ्या अक्षरांत आयुष्यभराची हमी, खाली बारीक अक्षरांत घडणीत दोष असेल तर. पाना वापरताना तुटला तर नवा, फुकट. झिजला तर नाही. गिऱ्हाईक पाना आणायचं, मी तो हातात घेऊन ठरवायचं, हा तुटलाय की झिजलाय. तुटलेले काउंटरखालच्या लाकडी खोक्यात टाकायचे. कंपनीचे साळवीसाहेब अधूनमधून मुंबईहून यायचे, खोकं बघायचे आणि तेवढे नवे द्यायचे.

आणि द्वारकेपासून आडगावपर्यंत प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत होतं की झिजलेला पाना तुटलेला करायला फार वेळ लागत नाही. वाइसच्या जबड्यात आवळायचा, दांड्याला लांब पाइप चढवायचा आणि झटका द्यायचा. पाइपचे ओरखडे दांड्यावर दिसायचे. झिजून पसरलेलं तोंड तर आंधळ्यालाही दिसलं असतं. मला सगळं दिसायचं. पहिल्या-पहिल्यांदा मी शेठना दाखवलं. ते म्हणाले, "तुटलाय ना? मग झालं. कसा तुटला हे विचारायला तू काय पोलीस आहेस? कंपनीचं जातंय, आपलं गिऱ्हाईक टिकतंय." मग मी विचारणं सोडलं. खोटं मी बोलत नव्हतो. फक्त ऐकून घेत होतो. दोन्हींत फरक आहे अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

आणि मग एक दिवस तुम्ही आलात.

"काय पाव्हणं, ह्याचं बघ जरा," म्हणून तुम्ही पाना काउंटरवर ठेवलात. तो मला ओळखीचा होता. गॅरेज टाकलं तेव्हा घेतलेल्या पहिल्या संचातला. बाविसाच्या बाजूचं तोंड पसरलं होतं, आतल्या कडा गोल झाल्या होत्या.

"झिजलाय, दाजी."

"झिजलाय म्हणूनच आणला. नटावरनं सटकतोय."

"झिजलेल्याला हमी नाही."

"मंग कशाला हाय?"

"तुटलेल्याला."

तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. तुम्हाला भांडायचं असलं की तुम्ही आधी चष्मा वर करायचात. "म्हणजे कच्चा निघाला असता, सा महिन्यांत तुटला असता, तर नवा. आन पक्का निघाला, इतकी वर्सं राबला, तर काय नाय?"

"तुम्ही वापरलात ना इतकी वर्षं. वसूल झाला तो."

"मंग वापराया नाय तर काय आरती कराया घेतला व्हता?"

काउंटरपाशी उभे असलेले दोघं हसले. मीही म्हणालो, "आरती पण करताच की, नवमीला." तुम्हीही हसलात. तिथेच विषय संपला असता. तुम्ही पाना उचलून निघालाच होतात. पण मला तुमचा पुळका आला. मी पुढे वाकून हळूच म्हणालो, "दाजी, वाइसमध्ये धरून तोडून आणा. सगळे तसंच करतात. मी बघणार नाही."

तुमचं हसू जागच्या जागी विझलं. चष्मा खाली आला. "मी तोडू?" तुम्ही म्हणालात. मग फडक्यात पाना गुंडाळलात, आणि त्या दिवशी तुमचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे व्हावं लागलं. "नाय म्हणायचं तर सरळ नाय म्हण. मी ऐकून घेईन. मला असलं शिकवू नको."

तुम्ही नवमीला हत्यारं कशी मांडायचात ते मी लहानपणापासून बघत होतो. खंडेनवमीला सगळेच गॅरेजवाले पूजा करतात. हातोडा, पाने, जॅक, सगळं एका पाटावर रचायचं आणि वरून हार टाकायचा. तुमचं तसं नसायचं. तुम्ही धुतलेलं धोतर जमिनीवर अंथरायचात आणि सात-आठापासून बत्तिसापर्यंत सगळे पाने उतरंडीसारखे ओळीने लावायचात. प्रत्येकाला वेगळं हळदकुंकू, प्रत्येकावर एक झेंडूचं फूल. बाद झालेले, वाकलेले, मोडक्या मुठीचे पेचकससुद्धा त्या ओळीत असायचे. इब्राहिमभाई लांब उभे राहून म्हणायचे, "उस्ताद, पेन्शनवाल्यांना पण फूल?" तुम्ही म्हणायचात, "त्यांना आधी." त्या दिवशी कुठल्याच हत्याराला कामाला लावायचं नाही. एकदा एक ड्रायव्हर पंक्चर गाडी घेऊन हात जोडून उभा राहिला, तर तुम्ही त्याला शेजारच्या गॅरेजवाल्याचा पाना आणून दिलात, पण स्वतःचा उचलू दिला नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी तुम्हाला म्हणालो, तोडून आणा.

त्यानंतर साळवीसाहेब दुकानात असताना तुम्ही मुद्दाम आलात. तुम्ही त्यांच्यापुढेही पाना ठेवलात आणि तेच म्हणालात, झिजलाय, सटकतोय, बदलून द्या. साळवीसाहेब चांगले गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला.

"काका, हमी दोषाला आहे, वापराला नाही. झिजलेला प्रत्येक पाना बदलत बसलो तर कारखाना बंद होईल."

"बरोबर हाय," तुम्ही म्हणालात. मला आश्चर्य वाटलं. मग तुम्ही काउंटरखालच्या खोक्याकडे बोट केलंत. "आन हे? हे समदे आपोआप तुटले?"

साळवीसाहेबांनी खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बशीत चहा ओतला. "तेवढं खोलात आम्ही जात नाही."

"म्हणजे खोटं बोलंल त्याला नवा आन खरं बोलंल त्याला नियम."

"तुमच्यासारखे थोडे आहेत म्हणून चाललंय, काका."

तुम्ही मोठ्यांदा हसलात, चहा संपवलात आणि झिजलेला पाना घेऊन परत कामाला गेलात. तुमचं म्हणणं नेमकं काय होतं, हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही. मला वाटायचं, तुम्हाला नवा पाना हवाय. तुम्हाला हवं होतं ते एवढंच, की मागायचं तर उघड मागावं आणि नाकारायचं तर उघड नाकारावं.

रविवारी तुमच्या खाटेवर बसून आपण यावर किती वाद घातला. मी म्हणायचो, वस्तू झिजणं हा काही कुणाचा गुन्हा नाही, मग भरपाई कसली? तुम्ही म्हणायचात, गुन्हा नाय तर मग पत्र्यावर आयुष्यभर कशाला लिहायचं? मी म्हणायचो, खाली बारीक लिहिलंय. तुम्ही म्हणायचात, मोठं मोठ्यांदा बोलायचं आन खरं बारीक बोलायचं, ह्याला काय म्हणतात? मग मी चिडून म्हणायचो, "तुम्ही प्रत्येक ड्रायव्हरला 'उद्या देतो' सांगता, ते खोटं नाही का?" तुम्ही अजिबात न लाजता म्हणायचात, "ते खोटं नाय. ती आशा हाय." आतून ताई ओरडायची, "आशेनं पोट भरत नाही, जेवायला या दोघं." आणि वाद तसाच ताटावरून उठायचा.

मग तो कांद्याचा ट्रक आला.

लासलगावहून भरून मुंबईला निघालेला. स्प्रिंगच्या पाट्याचा बोल्ट ढिला झाला म्हणून तुमच्या दारात थांबला. ड्रायव्हर घाई करत होता, माल गरम होतोय म्हणत होता. तुम्ही गाडीखाली शिरलात. नट गंजलेला होता, तुम्ही सगळं अंग टाकून ओढलंत आणि पाना सटकला. उजवा हात पाट्याच्या कडेवर आपटला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मुळाशी मोडली. इब्राहिमभाईंनी तुम्हाला बाहेर ओढलं, रिक्षात घातलं आणि मग परत येऊन तोच नट दुसऱ्या पान्याने आवळून ट्रक सोडला. ड्रायव्हरने जाताना एक गोणी कांदे ठेवले. ते कांदे घरात संपेपर्यंत ताई प्रत्येक जेवणाला मला त्या पान्याची आठवण करून देत होती. ती मुद्दाम काहीच बोलत नव्हती. नुसता कांदा चिरायची.

बोलली ती एकदाच. दुकानात आली. कधी यायची नाही. गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभी राहिली आणि माझ्यामागे बोट करून म्हणाली, "तुझ्या पाठीमागं भिंतभर पाने लटकलेत, मधू. आणि यांच्या हाताला प्लास्टर." एवढंच. उत्तराला थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅरेजवर गेलो. इब्राहिमभाईंना म्हणालो, दाजींनी तो पाना मागवलाय. त्यांनी काढून दिला. शेठ जेवायला घरी गेले होते. मी दुकानाच्या मागच्या खोलीत पाना वाइसमध्ये आवळला, पाइप चढवला आणि ओढलं.

तो तुटेना, दाजी. हे मला तुम्हाला सांगायचं होतं. इतरांचे पटकन तुटत असतील, तुमचा तुटेना. मी लोंबकळलो त्या पाइपला. पाइप वाकला, वाइसचं टेबल जागचं हललं, पाना तसाच. मी घामाघूम होऊन खाली बसलो. तेव्हा तरी कळायला हवं होतं. नाही कळलं. मी उठलो, करवत घेतली आणि दांड्याला खालून खाच पाडली. पोलाद कापताना जो आवाज येतो तो तुमच्या ओळखीचा आहे. मग पाइप चढवला. या वेळी तुटला. मी हात साबणाने दोनदा धुतले आणि काउंटरला येऊन उभा राहिलो.

साळवीसाहेब आले तेव्हा त्यांनी खोक्यातून नेमके तेच दोन तुकडे उचलले. करवतीने कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे बघितलं. "तुझ्याकडून?" असं म्हणाले. त्यात राग नव्हता. तुकडे परत खोक्यात टाकले आणि नवा पाना काढून दिला.

तो मी तुम्हाला घरी आणून दिला. तुम्ही याच खाटेवर होतात, प्लास्टरचा हात उशीवर. मी म्हणालो, "दाजी, कंपनीला पटलं तुमचं म्हणणं. झिजलेला बदलून दिला." तुम्ही डाव्या हाताने कागद सोडलात, पाना उजेडात धरलात. तुमचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. पान्याचा आनंद नव्हता तो. तुमचं म्हणणं कुणाला तरी पटलं, त्याचा होता. "बघ," तुम्ही ताईला म्हणालात, "सांगत व्हतो का नाय? उघड मागावं. देनारा देतो."

प्लास्टर निघाल्यावर तुम्ही साळवीसाहेबांचे आभार मानायला येणार हे माझ्या डोक्यातही आलं नाही. असा माणूस असतो, हेच मी त्या काउंटरला उभा राहून विसरलो होतो. तुम्ही पेढे घेऊन आलात. दुकान भरलेलं. तुम्ही दारातूनच म्हणालात, "साहेब, मानलं तुम्हाला. झिजलेला बदलून दिलात, दिलदार मानूस निघालात."

साळवीसाहेब गोंधळले. "झिजलेला? नाही काका. तो तर तुटला होता. दोन तुकडे होते."

मी काउंटरची कड धरून उभा होतो. शेठ गल्ल्यावरून बघत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही. पण तेवढ्यात तुम्हाला सगळं कळलं हे मला कळलं. काउंटरच्याच माणसाने तोडलाय, एवढं तुम्ही बोलला असतात तर माझी नोकरी गेली असती, आणि ती जायलाच हवी होती. तुम्ही पेढ्यांचा पुडा उघडलात.

"हां हां, तुटला व्हता. माझ्याच ध्यानात नाय राह्यलं. वय झालं, साहेब. घ्या, पेढा घ्या."

साहेबांना दिलात, शेठना दिलात, मग मला दिलात. माझ्या तळहातावर ठेवताना तुमची ती दोन बोटं नीट मिटत नव्हती.

"उद्या देतो" सोडून तुम्ही आयुष्यात दुसरं खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. ते तुम्हाला माझ्यामुळे बोलावं लागलं.

मी तुमच्यामागे रस्त्यावर आलो. तुम्ही चालत होतात, थांबला नाहीत. मग थांबलात. "मधू, तू तुझ्या पगारातनं घेऊन दिला असता तर मी दोन्ही हातांनी घेतला असता. मेव्हण्याचा म्हणून मिरवला असता." खरं सांगतो दाजी, आजवर सांगितलं नाही. परवडत नव्हतं असं नाही. सुचलंच नाही. हमी मिळेल की नाही, कशी मिळेल, कशात बसेल, यात माझं डोकं इतकं बुडालेलं होतं की भिंतीवरचा एक पाना काढून स्वतः विकत घ्यावा, हे माझ्या मनाला शिवलंही नाही. "जुना कुठाय?" तुम्ही विचारलंत. म्हणालो, कंपनीने नेला, वितळवतात. तुम्ही मान हलवलीत आणि रस्ता ओलांडून गेलात.

त्या वर्षीच्या नवमीला मी आलो होतो. धोतरावर पान्यांची ओळ होती, फुलं होती, आणि एकोणीस-बाविसाच्या जागी मोकळी जागा होती. नवा पाना कुठेच नव्हता. बाद पेचकसांनाही त्या ओळीत जागा होती, त्याला नव्हती. मी प्रसाद घेतला आणि निघालो. पुढच्या वर्षी निरोप धाडला, दुकानात गर्दी आहे. त्याच्या पुढच्याही वर्षी. नवमीला दुकानात गर्दी असते हे खरंच आहे. दहा-बारा वर्षं मी ते खरं वापरलं.

बाकी सगळं चालू राहिलं. भाऊबीज, बारशी, ताईचं दुखणं. तुम्ही माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचात, ओरडायचात, पाव्हणं म्हणायचात. फक्त हमीचा विषय निघाला नाही. रविवारचा आपला वाद गेला. तुमच्या रागाचं मला काही वाटलं नसतं, दाजी. वाद गेला त्याचं वाटत राहिलं.

शेवटी सिव्हिल हॉस्पिटलात, दम जरा बसला होता तेव्हा, तुम्हीच विचारलंत. "दुकानात अजून तसंच चालतंय?"

"तसंच."

"तोडून आणतात?"

"आणतात."

"आन तू?"

"मी बघतो. आणि देतो."

तुम्ही हसायला गेलात आणि खोकला आला. तो थांबल्यावर म्हणालात, "दमला नाय का रं?"

मी म्हणालो, "दमलो." तेव्हाच विचारणार होतो, दाजी, त्या पान्याचं काय केलंत? शब्द तोंडात होते. ताई डबा घेऊन आली, तुम्ही तिला म्हणालात, भाजीत मीठ नाय, आणि ती म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय. मी उठून बाहेर गेलो.

आता खिळा काढलाय.

वरच्या कप्प्यात छिन्न्या, पेचकस, फिलरच्या पट्ट्या. खाली फडक्यात पाने. तुम्ही मापाने गुंडाळून ठेवलेत, प्रत्येकाला फडक्याची एक घडी. कागद कुठे दिसतोय का ते मी आधी बघितलं. कागद नाही. मी घड्या सोडत गेलो. आठ-नऊ, दहा-अकरा, चौदा-पंधरा. मग तो आला.

झिजलाय, दाजी.

बाविसाची बाजू पसरलीय. दांडा तुमच्या हाताने गुळगुळीत झालाय, जिथे धरायचात तिथे चकाकतोय. आणि दांड्यावर कंपनीची जी खोल अक्षरं आहेत त्यांत काळं काहीतरी घट्ट बसलंय. वंगण असेल म्हणून मी नखाने खरवडलं. काळ्याखाली लाल आलं. त्याखाली पिवळं, परत काळं, परत लाल. एका वर्षाचं नाही ते.

मी ताईला हाक मारली. ती सूप हातात घेऊन दारात आली. "तो होय?" ती म्हणाली. "तो तर ओळीत पहिला ठेवायचे. मापाच्या जागी नाही, पहिला. एक वर्ष नव्हता ठेवला, पुढच्या सालापासून ठेवायला लागले. आणि विचारायचे, मधू आला का? मी म्हणायची, दुकानात गर्दी आहे त्याला. मग लावायचे उदबत्ती."

तुम्ही एकच वर्ष रागावला होतात. बाकीची सगळी वर्षं माझी मी घालवली.

ताईने पाना हातात घेतला, उलटसुलट केला. "घासलाय ना हा? इब्राहिमभाईंच्या हाताला लागायला नको. तुमच्याकडं बदलून देतील का?"

"नाही, ताई," मी म्हणालो. "झिजलेल्याला हमी नाही." इतक्या वर्षांत हे वाक्य मी हजारदा बोललो असेन, पण बोलताना नजर खाली गेली नाही असं पहिल्यांदाच झालं. ती म्हणाली, "मग?" मी म्हणालो, "मग काही नाही. पुष्कळ राबला."

मग मी दुकानात जाऊन आलो. भिंतीवरचा एकोणीस-बाविसाचा काढला, पैसे गल्ल्यावर ठेवले. शेठचा मुलगा म्हणाला, "मधुकाका, तुम्ही कशाला घेताय, खोक्यातलं काहीतरी दाखवून टाका ना." मी म्हणालो, घरच्यासाठी घेतोय. तो नवा आता पेटीत आहे, इब्राहिमभाई वापरतील. जुना मी नेणार होतो, पण नेला नाही. त्याची जागा ओळीत आहे.

तुमचं म्हणणं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. झिजलेल्याला नवा द्यायचा म्हटलं तर कुठलीच कंपनी चालणार नाही, हे मी आजही म्हणेन. तुम्ही चष्मा वर कराल. पण उद्या काउंटरला कुणी पाइपचे ओरखडे असलेला पाना आणला तर त्याला एकदा तरी विचारीन, तुटला की तोडला? मग तो काय सांगायचं ते सांगेल.

ताई म्हणते, यंदा आपल्याला सण नाही. नसू दे. फूल नाही, कुंकू नाही, पण हत्यारं पुसावी तर लागतातच. नवमीला मी दुकानात जाणार नाही. गॅरेजवर धोतर अंथरीन, पाने लावीन, तो पहिला ठेवीन. मधू आला का, असं विचारायला तुम्ही नसाल. तरी मी येतो, दाजी.